फ्लॉपींच्या इमेज काढण्यासाठी मुक्त साधने : कोणती घ्यावीत आणि ती पुरतात का?

पानोपानी
आमच्या गावच्या वाचनालयाकडे एका बंद पडलेल्या दिवाळी अंकाच्या संपादकांच्या घरून दोन खोकी भरून फ्लॉपी आल्या आहेत. बहुतेक साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या आहेत. थोड्या सव्वापाच इंची आहेत आणि त्यांच्यावर ‘हिशेब’ किंवा ‘जुने’ यापलीकडे काही लिहिलेले नाही. साडेतीन इंचींच्या लेबलांवरून १९९३ ते २००१ या काळातील अंकांची अक्षरजुळणी, पेजमेकर या पानमांडणीच्या आज्ञावलीच्या फाइली आणि लेखकांशी झालेला पत्रव्यवहार त्यांत असावा असे दिसते. त्या वर्षांतील काही छापील अंक आमच्याकडे नाहीत आणि संपादकांच्या घरीही उरलेले नाहीत.

ऑनलाइन मागवलेल्या एका यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये काही फ्लॉपी व्यवस्थित उघडल्या. काहींच्या बाबतीत ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे का’ असा प्रश्न पडद्यावर आला, तेव्हा नकार देऊन मी तिथेच थांबले.

माझे म्हणणे असे की, फ्लॉपीतील ऐवज दुसऱ्या कुणाच्या बंदिस्त स्वरूपात नेऊन ठेवला, तर पंधरा-वीस वर्षांनी आमच्या जागी येणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. म्हणून इमेज (म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधील हुबेहूब नक्कल) काढायला ज्यांचा स्रोत खुला आहे आणि ज्यांच्या फाइलींची रचना जाहीर आहे, अशीच साधने आम्हाला वापरायची आहेत. वाचनालयाची ऐपत पाहता खर्च चार-पाच हजारांच्या पुढे जाऊ नये. अशी साधने या कामाला खरोखर पुरतात, की शेवटी महागडे व्यावसायिक यंत्रच घ्यावे लागते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खिळेमोळे
यंत्राचा विचार नंतर करू, आधी एवढे करा. प्रत्येक साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खिट्टी अशी सरकवा की भोक उघडे दिसेल. भोक उघडे असले की तिच्यावर काही लिहिता येत नाही. सव्वापाच इंचीचा न्याय उलटा आहे. तिच्या कडेची खाच झाकली म्हणजे लेखन बंद होते, त्यामुळे तिथे अपारदर्शक चिकटपट्टी लावावी लागते. कुणी सद्‌हेतूने ‘माझ्याकडे जुना कॉम्प्युटर आहे, त्यात लावून बघू’ म्हणाले, तर ही काळजी अधिकच घ्या, कारण विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली लेखनबंदी नसलेली फ्लॉपी नुसती उघडली तरी तिच्या बूट सेक्टरमधील (अगदी सुरुवातीच्या भागातील) आठ बाइटांच्या जागेवर आपली खूण लिहून ठेवत असत.

दशमान
पानोपानी, तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर ‘पुरतात’ असे आहे. मात्र यूएसबी ड्राइव्ह नेमका कुठे कमी पडतो हे कळल्याशिवाय पुढचा खर्च का करायचा ते कळणार नाही.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे), प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. दोन्ही बाजू मिळून १४,७४,५६० बाइट होतात. यूएसबी ड्राइव्हच्या पोटात स्वतःचा कंट्रोलर असतो आणि तो संगणकाला केवळ वाचून झालेले सेक्टर देतो. सेक्टरच्या शेवटी असलेली सीआरसी (वाचन बरोबर झाले का हे पडताळणारी संख्या) जुळली नाही, की तो ‘वाचता आले नाही’ एवढेच सांगतो आणि जे काही अर्धेमुर्धे वाचले होते ते टाकून देतो. शिवाय त्याला पीसीच्या मोजक्याच मांडण्या समजतात. अमिगा संगणकाची ८८० केबीची किंवा जुन्या मॅकिंटॉशची ४०० आणि ८०० केबीची फ्लॉपी आकाराने अगदी तशीच असली, तरी त्याच्या दृष्टीने ती कोरीच असते.

याच्या उलट फ्लक्स वाचणारे यंत्र सेक्टरचा विचारच करत नाही. चकतीवरील चुंबकीय दिशा जिथे बदलते, त्या दोन बदलांमधला काळ ते मोजत जाते आणि ती मोजमापे तशीच्या तशी फाइलमध्ये लिहिते. सेक्टर वाचणे म्हणजे सभेतील भाषण ऐकून लिहून घेणे, आणि फ्लक्स वाचणे म्हणजे त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण करणे. एखादा शब्द कळला नाही तर ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकता येते, वक्त्याला पुन्हा उभे करावे लागत नाही.

या कामासाठी आज सर्वांत सोयीचे मुक्त साधन म्हणजे ग्रीसवीझल. किअर फ्रेझर यांनी ते तयार केले असून त्याचे फर्मवेअर (बोर्डावरच चालणारी आज्ञावली) आणि संगणकावर चालणारी पायथन आज्ञावली दोन्ही सार्वजनिक अधिकारात खुली आहेत. सुरुवातीची आवृत्ती ‘ब्लू पिल’ नावाच्या स्वस्त एसटीएम३२ बोर्डावर चालत असे. आता तयार बोर्ड मिळतात आणि ते तुमच्या मर्यादेत बसण्यासारखे आहेत. बोर्ड एका बाजूने यूएसबीला आणि दुसऱ्या बाजूने ३४ पिनांच्या पट्टीने साध्या, जुन्या पीसीतून काढलेल्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडायचा असतो. तुमचा यूएसबी ड्राइव्ह येथे उपयोगाचा नाही.

प्रत्येक ट्रॅकच्या तीन फेऱ्या नोंदवायला सांगा आणि फाइल एससीपी स्वरूपात ठेवा. त्या स्वरूपाची रचना जाहीर आहे आणि या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक आज्ञावली ते वाचते. १.४४ एमबीच्या फ्लॉपीसाठी ही फाइल साठ-सत्तर एमबीची होते, पण आजच्या हार्ड डिस्कच्या हिशेबात ते काहीच नाही.

साधासरळ
दशमान यांच्या माहितीविषयी वाद नाही, पण सल्ल्याविषयी आहे. १९९३ नंतर डीटीपीच्या दुकानात वापरलेल्या फ्लॉपी म्हणजे निव्वळ डॉसच्या, एफएटी१२ या फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या फ्लॉपी. त्यांवर ना कॉपी-प्रोटेक्शन, ना चमत्कारिक मांडणी. त्यांच्यासाठी प्रत्येकी सत्तर एमबीची फ्लक्स फाइल करणे म्हणजे वाचनालयाच्या मोजक्या मनुष्यबळावर उगाच ओझे टाकणे आहे.

हाती असलेल्या यूएसबी ड्राइव्हवर लिनक्समध्ये जीएनयू डीडीरेस्क्यू ही खराब डिस्कवरून मिळेल तेवढे वाचून घेणारी मुक्त आज्ञावली चालवा. त्याची खरी ताकद त्याच्या मॅपफाइलमध्ये आहे. कोणता सेक्टर वाचला गेला आणि कोणता राहिला, याची नोंद ती ठेवते. पहिल्या फेरीत अडलेल्या जागी न रेंगाळता जे सहज मिळते ते घ्यायला सांगावे आणि नंतरच राहिलेल्या जागांकडे वळावे. पुढे तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून त्याच मॅपफाइलसह आज्ञा दिली, तर फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात. दोन ड्राइव्हांच्या हेडच्या जागेत सूक्ष्म फरक असतो, म्हणून एकाला न जमलेला सेक्टर दुसऱ्याला जमतो, असा अनुभव वारंवार येतो.

तयार झालेली फाइल नेमकी १४,७४,५६० बाइटांची आहे ना, हे पाहावे. तिच्यातील फाइली बघायला माउंट करण्याचीही (ती संगणकाला डिस्क म्हणून जोडण्याचीही) गरज नाही; एमटूल्सच्या एमडीर आणि एमकॉपी या आज्ञा थेट इमेजवर चालतात. यातील कशालाही एक रुपया लागत नाही.

दशमान
साधासरळ, निरोगी फ्लॉपींसाठी तुमची पद्धत उत्तमच आहे. माझी हरकत आजारी फ्लॉपींपुरती आहे, आणि कोणती फ्लॉपी आजारी आहे हे ती आत घातल्याशिवाय कळत नाही, हीच अडचण आहे.

डीडीरेस्क्यूला पुन:पुन्हा प्रयत्न करायला सांगितले की हेड त्याच ट्रॅकवर घासत राहते. पंचवीस-तीस वर्षांच्या चकतीवरील लेप जर सुटू लागला असेल, तर प्रत्येक प्रयत्नागणिक तो आणखी सुटतो आणि हेडवर बसून पुढच्या फ्लॉपीलाही ओरखडे काढतो. फ्लक्स घेताना हेड प्रत्येक ट्रॅकवर तीन फेऱ्यांपुरतेच थांबते. पुढचे सारे डोके लढवणे फाइलवर होते, चकतीवर नाही.

आणखी एक गोष्ट अशी की, अस्पष्ट ट्रॅकमध्ये एका फेरीत एक सेक्टर जुळतो आणि दुसऱ्या फेरीत दुसरा जुळतो. फ्लक्स फाइलमध्ये तिन्ही फेऱ्या असल्याने त्या एकत्र करून पूर्ण ट्रॅक उभा करता येतो. इमेज कितपत सुस्थितीत आहे हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर झां-फ्रांस्वा देल नेरो यांची एचएक्ससी फ्लॉपी एम्युलेटर ही मुक्त आज्ञावली चालवा. तिच्यातील ट्रॅकच्या नकाशावर चांगले सेक्टर हिरवे आणि बिघडलेले लाल दिसतात. कोणत्या फ्लॉपीवर अधिक वेळ घालवायचा, हे त्या नकाशावरून लगेच ठरवता येते.

भोसरीकर
आमच्या कारखान्यातील एक सीएनसी यंत्र अजूनही प्रोग्राम फ्लॉपीवरूनच घेते. यंत्राचे लोखंड आणखी वीस वर्षे टिकेल, पण फ्लॉपी मात्र दर पावसाळ्यात राजीनामा देत असत. शेवटी त्या जागी गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हची जागा घेणारा, पेनड्राइव्ह लावायचा डबा) बसवला आणि त्याचे मूळ फर्मवेअर काढून फ्लॅशफ्लॉपी टाकले. आता पेनड्राइव्हवरील इमेज हीच यंत्राची फ्लॉपी. पानोपानी यांनाही गोटेक चालेल का?

दशमान
भोसरीकर, नाही, कारण गोटेक नेमके उलट दिशेचे काम करतो. तो जुन्या यंत्राला ‘माझ्यात फ्लॉपी आहे’ असे भासवतो. खरी फ्लॉपी वाचण्याची सोय त्यात नाही.

मात्र तुमच्यासारख्यांसाठी दोन ओळी लिहितो. फ्लॅशफ्लॉपी हेही किअर फ्रेझर यांचेच आणि तेही खुले आहे. गोटेकच्या मूळ फर्मवेअरला पेनड्राइव्हचे फ्लॉपीएवढे शंभर तुकडे पाडून लागतात आणि त्यांना नावेही देता येत नाहीत. फ्लॅशफ्लॉपी साध्या पेनड्राइव्हवरील नावानिशी ठेवलेल्या इमेज फाइली थेट वाचते. यंत्राची जोडणी पीसीच्या पद्धतीची आहे की शुगार्ट या जुन्या पद्धतीची, हे तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत सांगावे लागते. ‘गोटेक लावला पण यंत्राला दिसत नाही’ या तक्रारी बहुधा तिथेच मिटतात.

सूरपेटी
भोसरीकरांना दुजोरा. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या जुन्या कीबोर्डांतही ७२० केबीच्या फ्लॉपी लागायच्या आणि बाजारात तर फक्त १.४४ एमबीच्या मिळायच्या. मग तिचे दुसरे भोक चिकटपट्टीने बुजवून ती ७२० केबीची आहे असे यंत्राला पटवायचे आणि कार्यक्रम संपेपर्यंत देवाचे नाव घ्यायचे, ही आमची रीत होती. अशा पट्टीवाल्या फ्लॉपी आता वाचायच्या असतील, तर पट्टी काढावी की ठेवावी?

खिळेमोळे
सूरपेटी, साध्या ड्राइव्हात वाचणार असाल तर पट्टी राहू द्या, कारण भोक उघडे दिसले की ड्राइव्ह आणि कंट्रोलर तिला १.४४ एमबीची समजून दुप्पट वेगाने वाचू पाहतील. दोन्ही प्रकारच्या चकत्यांचा चुंबकीय लेप वेगळा असतो. १.४४ एमबीच्या लेपावर ७२० केबीच्या जोराने लिहिलेले फार काळ भरवशाचे राहत नाही, म्हणून त्या फ्लॉपी रांगेत सर्वांत पुढे घ्या. कार्यक्रमात दगा मिळाला नाही हे त्या देवाचेच श्रेय असावे.

लीड्सकर
पानोपानी यांच्या सव्वापाच इंची फ्लॉपींबद्दल अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी इंग्लंडमध्ये बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश संगणकाच्या फ्लॉपी वाचण्याचे काम हौसेने करतो. हाच संगणक भारतात १९८४ पासून ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पात वापरला गेला, त्यामुळे तिकडच्या एखाद्या शाळेच्या कपाटातूनही असे काही निघू शकते.

पहिली अडचण अशी की, ‘हिशेब’ लिहिलेली फ्लॉपी ३६० केबीची असेल तर तिच्यावर एका बाजूला ४० ट्रॅक असतात, आणि आज मिळणारा सव्वापाच इंची ड्राइव्ह बहुधा १.२ एमबीचा, म्हणजे ८० ट्रॅकचा असतो. अशा वेळी हेडला एक सोडून एक पाऊल टाकायला सांगावे लागते. ग्रीसवीझलमध्ये त्यासाठी पर्याय आहे. हा ड्राइव्ह मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे घेतो, पण फ्लक्समध्ये काळच मोजलेला असल्याने तो फरक हिशेबात धरता येतो. वाचायला हा ड्राइव्ह चालतो. मात्र ४० ट्रॅकच्या फ्लॉपीवर त्याने लिहू नये, कारण त्याचे हेड अरुंद असते आणि जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा तशाच मागे राहतात.

दुसरी अडचण मांडणीची आहे. बीबीसी मायक्रोची फ्लॉपी मांडण्याची मूळ डीएफएस पद्धत एफएम संकेतनाची (चकतीवर बिट लिहिण्याच्या जुन्या रीतीची) असून तिच्यात ट्रॅकमागे २५६ बाइटांचे १० सेक्टर असतात. पीसीतील अनेक कंट्रोलरांना एफएम वाचताच येत नाही. फ्लक्स यंत्राला मात्र एफएम, एमएफएम आणि जीसीआर ही तिन्ही संकेतने सारखीच, कारण उलगडा नंतर आज्ञावली करते.

तिसरी गोष्ट विजेची. साडेतीन इंची ड्राइव्ह ५ व्होल्टवर चालतो, पण सव्वापाच इंचीला १२ व्होल्टही लागतात. त्यासाठी जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय वापरावा.

ग्रीसवीझल मिळण्यात अडचण आली तर डेव्हिड गिव्हन यांचे फ्लक्सएंजिनही पाहा. त्यात सायप्रस कंपनीच्या पीएसओसी५ या तयार बोर्डावर पिनांची एक रांग डाखायची आणि केबल लावायची, एवढेच काम असते. त्यांची आज्ञावली ग्रीसवीझलच्या बोर्डावरही चालते आणि अपरिचित मांडण्यांच्या बाबतीत तिची यादी फार लांब आहे.

अभिलेख
मी अभिलेखांच्या क्षेत्रात काम करते. व्यावसायिक यंत्राचा उल्लेख मूळ प्रश्नात आहे, म्हणून त्या बाजूनेही बोलायला हवे. क्रायोफ्लक्स हे व्यावसायिक फ्लक्स यंत्र परदेशांतील अनेक मोठ्या ग्रंथालयांनी वापरले आहे आणि फ्लक्स जतन करण्याची सवय संस्थांना लावण्यात त्याचा वाटा मोठा आहे. त्याची आज्ञावली बंदिस्त आहे आणि संस्थांसाठी परवान्याचा खर्च वेगळा पडतो, परंतु त्याच्या कच्च्या फाइली आता मुक्त साधनांनाही वाचता येतात. ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे त्यांनी ते टाकून देण्याचे कारण नाही. मात्र आज नव्याने सुरुवात करणाऱ्या छोट्या वाचनालयाने त्यावर खर्च करावा, असे मला वाटत नाही.

साधासरळ आणि दशमान यांच्या वादात मी मधला मार्ग सुचवेन. फ्लक्सच घ्यावे, पण त्याच दिवशी त्यातून साधी सेक्टर इमेजही काढून दोन्ही शेजारी ठेवाव्यात. दैनंदिन वापर साध्या इमेजचा होईल आणि शंका आली तरच फ्लक्सकडे जावे लागेल. दोन्हींचे शा-२५६ चेकसम (फाइल पुढे बदलली का हे ओळखण्याची संख्या), लेबलाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि कोणत्या ड्राइव्हवर वाचले याची एक ओळ, एवढे प्रत्येक फ्लॉपीच्या फोल्डरमध्ये असू द्या. लेबलावरील खोडलेले जुने नावही टिपून घ्या. फ्लॉपी पुसून पुन्हा वापरण्याचा तो काळ होता, त्यामुळे एफएटीच्या दृष्टीने रिकाम्या झालेल्या सेक्टरांमध्ये आधीच्या फाइलींचा मजकूर शिल्लक असू शकतो. पूर्ण इमेज घेतली तर तोही येतो. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर तो कायमचा हातचा जातो.

अनुस्वार
इमेज हाती आल्यावर मराठी मजकूर उघडताना काय होईल, तेही आताच सांगून ठेवतो. त्या काळातील फाइली युनिकोडमध्ये नसणार. सी-डॅकच्या पद्धतीची साठवण आयएससीआयआयमध्ये, म्हणजे १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकानुसार असेल, तर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर आयसीयू या मुक्त संचातील यूकॉन्व्ह करते. पण डीटीपीच्या बहुतेक फाइलींमध्ये अक्षरांऐवजी त्या त्या फॉन्टमधील आकृत्यांचे क्रमांक साठवलेले असतात, आणि तिथे प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता लागतो. म्हणून फ्लॉपींमध्ये कुठे फॉन्टच्या फाइली सापडल्या तर त्यांना मजकुराइतकेच मौल्यवान समजा.

पेजमेकरच्या काही आवृत्त्यांच्या फाइली लिबरऑफिस उघडते. पाने जशीच्या तशी दिसतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

पानोपानी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्रीसवीझलचा बोर्ड मागवला आहे. फ्लॉपी चाळताना एक नवीच गोष्ट दिसली. काही फ्लॉपींची धातूची झडप सरकवून पाहिली तर आतील चकतीवर पांढुरके ठिपके आणि वलये आहेत. ही बुरशीच असावी. अशा फ्लॉपींचे काय करावे? शिवाय साधा फ्लॉपी ड्राइव्ह आता नवा मिळतो का?

खिळेमोळे
बुरशीवाली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालणे ही दोघांचीही हानी आहे. बुरशी हेडवर जाते, हेड चकतीला खरवडते आणि पुढची निरोगी फ्लॉपीही त्या खरवडण्यातून सुटत नाही. त्या आधी वेगळ्या पिशवीत काढा आणि कामाच्या वेळी मास्क लावा.

साडेतीन इंचीचे कवच कडेने हलकेच उकलता येते. चकती बाहेर काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या मऊ कापडाने दाब न देता पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि एखाद्या बिनकामाच्या फ्लॉपीचे स्वच्छ कवच घेऊन त्यात बसवावी. मूळ कवचातील अस्तरात बुरशी भिनलेली असते, म्हणून ते पुन्हा वापरू नये. अशा प्रत्येक फ्लॉपीनंतर हेडही त्याच अल्कोहोलने साफ करावेत. साफसफाईची फ्लॉपी मिळाली तर ग्रीसवीझलमध्ये हेड पुढेमागे फिरवण्याची खास आज्ञा आहे.

अभिलेख
खिळेमोळे यांनी सांगितलेली पद्धत बरोबर आहे, पण ती सरसकट नको. पुसताना कापडावर तपकिरी रंग उतरू लागला, तर तो लेप आहे, बुरशी नाही. त्या क्षणी थांबावे. ज्या फ्लॉपीतील मजकुराची दुसरी प्रत असण्याची शक्यता आहे, तिच्यावर आधी हात बसवावा आणि एकमेव असलेल्या फ्लॉपी शेवटी घ्याव्यात. तोवर खोके सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवा.

भोसरीकर
ड्राइव्ह नवा मिळणार नाही असेच धरून चाला. सोनीने जपानमधील फ्लॉपींची विक्रीसुद्धा मार्च २०११ मध्ये थांबवली. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पेंटियमच्या जमान्यातील पीसीचे कॅबिनेट दिसले तर ते अख्खेच घ्या. ड्राइव्ह, ३४ पिनांची केबल आणि पॉवर सप्लाय एकदम मिळतो. दुकानदाराला ‘फ्लॉपी ड्राइव्ह हवा’ असे मात्र सांगू नका, कारण ते ऐकताच तो भंगाराचा व्यापारी न राहता पुराणवस्तूंचा व्यापारी होतो. शक्य झाल्यास वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन ड्राइव्ह घ्या. साधासरळ यांनी सांगितलेला हेडचा फरक आमच्या यंत्रावरही अनुभवाला आला आहे.

दशमान
केबलविषयी थोडे सांगतो, कारण पहिल्या दिवशी सर्वांचे घोडे तिथेच अडते. पीसीच्या केबलमध्ये काही तारांना पीळ दिलेला असतो. पिळाच्या पलीकडील टोकाला लावलेला ड्राइव्ह ‘ए’ आणि अलीकडचा ‘बी’ समजला जातो. ग्रीसवीझलला कोणता ड्राइव्ह हवा ते सांगता येते, म्हणून ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असे उत्तर आले तर आधी दुसरे अक्षर देऊन पाहा. ड्राइव्हचा दिवा कायम पेटलेला राहिला तर केबल उलटी लागली आहे.

मग एखादी बिनमहत्त्वाची फ्लॉपी घालून फेऱ्यांचा वेग तपासा. तो मिनिटाला ३०० च्या अगदी जवळ असावा. वेग डळमळत असेल तर त्या ड्राइव्हाला वाचनालयाच्या फ्लॉपी दाखवू नका. मांडणी ठाऊक नसलेल्या फ्लॉपीसाठी ‘आयबीएम स्कॅन’ हा पर्याय आहे. तो ट्रॅक पाहून सेक्टरांची संख्या स्वतः ओळखतो.

पानोपानी
बोर्ड आला, कॅबिनेटही मिळाले आणि गेले काही रविवार आम्ही तिघे मिळून काम करत आहोत. यूएसबी ड्राइव्हने फॉरमॅट करायला सांगितलेल्या फ्लॉपींपैकी बऱ्याच फ्लक्समधून पूर्ण हिरव्या निघाल्या. अभिलेख यांच्या सूचनेप्रमाणे दोन्ही इमेज आणि छायाचित्रे शेजारी ठेवत आहोत. सव्वापाच इंचींतील ‘जुने’ म्हणजे वर्गणीदारांची डीबेसमधील यादी निघाली, आणि ‘हिशेब’ खरोखरच हिशेब निघाला.

एका ठिकाणी मात्र अडलो आहोत. १९९६ चा संपूर्ण अंक एआरजे पद्धतीने आकुंचित करून अनेक फ्लॉपींवर विभागलेला आहे. पहिली .एआरजे, पुढच्या .ए०१, .ए०२ अशा आहेत. त्यांतील .ए०३ च्या एका बाजूचे शेवटचे ट्रॅक लाल दिसतात. बाकीच्या सर्व फ्लॉपी चांगल्या आहेत. एक भाग गेला म्हणजे सगळा अंक गेला, असे समजायचे का?

साधासरळ
तसे नाही. एआरजेचा प्रत्येक भाग हा स्वतःचे शीर्षक असलेला स्वतंत्र संग्रह असतो आणि आपल्यातील तुकडा मूळ फाइलीच्या कोणत्या जागेपासून सुरू होतो याची नोंदही त्यात असते. एआरजेची मुक्त आवृत्ती लिनक्सवर सहज मिळते. तिच्याने .ए०३ वगळून बाकीचे भाग उलगडा. ज्या फाइली .ए०३ मध्ये पसरलेल्या नाहीत, त्या पूर्ण मिळतील. अंक एकाच पेजमेकर फाइलमध्ये असेल तर मात्र मधला तुकडा नसल्याने ती उघडणार नाही, पण तिच्यातील मजकुराचे सलग पट्टे बाहेर काढता येतील आणि अनुस्वार यांनी सांगितलेल्या फॉन्टच्या तक्त्याने ते वाचताही येतील.

निरोगी फ्लॉपींविषयीचे माझे मत अजूनही तेच आहे. या एका फ्लॉपीची फ्लक्स फाइल मात्र मला पाहायला आवडेल.

अनुस्वार
अंक ज्या छापखान्यात छापला गेला तिथेही विचारा. भाग पाडलेल्या फ्लॉपी बहुधा छापखान्याकडे पाठवण्यासाठीच केलेल्या असत आणि तिथल्या ऑपरेटरकडे त्या कॉपी करून ठेवण्याचा प्रघात होता. अंकात मुद्रकाचे नाव आणि पत्ता कायद्याने छापावाच लागतो. १९९५ किंवा १९९७ चा अंक हाताशी असेल तर त्यातही बहुधा तोच मुद्रक असेल.

दशमान
पानोपानी, .ए०३ दुसऱ्या ड्राइव्हवर एकदाच, या वेळी पाच फेऱ्यांसह वाचा आणि फक्त लाल ट्रॅकच घ्या. ग्रीसवीझलला ट्रॅकची मर्यादा सांगता येते. लाल ट्रॅक एकाच बाजूचे आणि सर्वांत आतले असतील, तर तेथील संकेत सर्वांत दाटीचे असल्याने तेच आधी ढासळतात, यात नवल नाही. दोन्ही ड्राइव्हांच्या एससीपी फाइली चढवून दुवा येथे द्या. साधासरळ आणि मी दोघेही पाहतो. फ्लॉपी मात्र त्यानंतर पिशवीत घालून ठेवा आणि कुणी कितीही आग्रह केला तरी पुन्हा ड्राइव्हमध्ये घालू नका.

पानोपानी
दुवा रविवारी रात्रीपर्यंत देते. १९९७ चा अंक सापडला. मुद्रक सातारचे आहेत. छापखाना अजून चालू आहे का, हे तिथल्या एका वाचकाला विचारायला सांगितले आहे.